तारीख एकतीस

घड्याळ घ्यायचं म्हणून तीन रात्री तक्ता करत बसलो होतो. काच कोणती, सेल किती वर्षं, पाण्यात किती मीटर, डायल किती मिलिमीटर. चौथ्या रात्री लक्षात आलं, की वेळ किती बरोबर दाखवतं हा रकाना आपण घातलेलाच नाही.

घातला असता तर पंचाईतच होती, कारण त्या रकान्यात स्वस्त घड्याळंच बाजी मारतात. क्वार्ट्झ घड्याळातला इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक, आणि काटा एक घर सरकतो. एवढ्या भांडवलावर साधंसुधं घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. उलट क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरल्याचं, स्विस प्रमाणपत्र मिरवणाऱ्या मेकॅनिकल (सेलवर नव्हे, स्प्रिंगवर चालणाऱ्या) घड्याळाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे जायची मुभा असते. महिन्याला नव्हे, दिवसाला! १९६९च्या नाताळात सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हाच वेळेचा प्रश्न मिटला. त्यानंतरची सगळी हौस.

हौसेला माझी ना नाही. ऑटोमॅटिक घड्याळ कधी मागच्या काचेतून पाहा. हात हलेल तसं अर्धगोल वजन गरगर फिरतं, स्प्रिंगला आपोआप चावी बसते, आणि बारीक चक्र जिवाच्या आकांताने डोलत असतं. बघताना किमतीचा विसर पडतो (दुकानदार उगाच पालथं करून दाखवत नाही). मात्र शुक्रवारी काढून ठेवलं, तर सोमवारी सकाळी ते बहुधा शनिवार-रविवारातच कुठेतरी अडकलेलं असतं. स्मार्टवॉचची तऱ्हा निराळी. ते झोप मोजतं, पण चार्जिंगची आठवण बहुधा झोपायच्या वेळीच होते.

सगळ्यात फसवा रकाना पाण्याचा. 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' वाचून मी एकदा घड्याळासकट तलावात उतरलो होतो. तीस मीटर कुठे, पुरुषभर पाणीही नव्हतं. बाहेर आलो तर काचेच्या आतून धुकं, आणि त्यात काटे हरवलेले. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो, हे मागाहून कळलं. तीसवाल्याने हात धुवावेत, पावसाचे चार थेंब सोसावेत. नेमाने पोहायचं तर शंभरवालं बरं.

पैसे सोडायचेच तर मी काचेवर सोडीन. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर सफायर (कृत्रिम नीलमण्याची काच) नऊवर आहे, वाळूतला क्वार्ट्झ सातवर आणि साधी काच त्याच्याही खाली. म्हणजे धुळीतला एखादा कण साध्या काचेवर रेघ ओढून जातो, सफायरवर त्याची मात्रा चालत नाही. आपटली तर तीही फुटते, पण रोजचे चरे तरी चुकतात. क्रोनोग्राफची, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचची, बटणं मात्र मी तरी चहा मुरायला ठेवतानाच दाबली आहेत.

शेवटी घेतलं ते सफायर काचेचं, शंभर मीटरचं, सेलवरचं. सेकंदकाटा एकाही खुणेवर नेमका पडत नाही, केसभर पुढेच थांबतो. तक्त्यात याला रकाना नव्हता, आणि आता नजर दुसरीकडे जातच नाही. तारखेची चकती एकतीस घरांची, त्यामुळे वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे घ्यावी लागते. चावी अर्धी ओढायची नि फिरवायची, पण मध्यरात्रीच्या आसपास नाही. त्या वेळी आतली चाकं स्वतःच तारीख बदलण्यात गुंतलेली असतात, मध्ये हात घातला तर दात मोडायची भीती.

काल एक तारीख होती. घड्याळ एकतीस म्हणत होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा दुपार टळली होती आणि दोन कागदांवर सही करून खाली ३१ घालूनही झालं होतं.