पुन्हा आठवीत बसवलेला मुलगा

मंगळवार, रात्र

‘एबनी’ आणि ‘जेट’ ही अमेरिकेतल्या काळ्या वाचकांसाठीची नियतकालिकं काढणारा जॉन जॉन्सन आज दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्याच्याबद्दल वाचताना मी सारखी त्याच्या आईपाशीच थांबते.

१९१८ साली आर्कान्सा सिटीत जन्मलेला हा मुलगा. वडील लाकडाच्या गिरणीतल्या अपघातात गेले. गावात काळ्या मुलांना आठवीपुढे शाळाच नव्हती. आई गर्ट्रूड लोकांचा स्वयंपाक, धुणी करून शिकागोला जाण्यापुरते पैसे साठवत होती. ते वेळेत जमेनात, तेव्हा तिने पास झालेल्या पोराला पुन्हा आठवीत बसवलं. घरी राहिला तर मजुरीला लागेल, ही तिची धास्ती. लोक हसले असतील, हसू देत! १९३३ मध्ये मायलेक शिकागोला पोचले.

१९४२ मध्ये तो विमा कंपनीत नोकरीला होता आणि मासिकाचं वेड डोक्यात होतं. ५०० डॉलरच्या कर्जाला तारण काय, तर आईचं फर्निचर. तिने लगेच होकार दिला नाही. कष्टाने घेतलेलं ते सामान. पोराचं मासिक बुडलं असतं तर तेही गेलं असतं. पण दिलं. त्या पैशांतून २०,००० पॉलिसीधारकांना पत्रं गेली: वर्गणीचे २ डॉलर आगाऊ पाठवा. ३,००० जणांनी पाठवले. ‘निग्रो डायजेस्ट’ निघालं. वितरक अंक घेईना, तर याने मित्रांना स्टॉलवर पाठवून अंकाची मागणी करायला लावली. काय डोकं!

१९४५ ला ‘एबनी’, १९५१ ला ‘जेट’. पुढे ऐश्वर्य आलं, मानसन्मान आले.

पण मला त्याचा खरा कस १९५५ चा वाटतो. १४ वर्षांच्या एमेट टिलला मिसिसिपीत गोऱ्यांनी हाल करून मारलं. त्याच्या आईने, मामी टिलने, शवपेटी उघडी ठेवायचा हट्ट धरला: माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाला दिसू दे. ‘जेट’च्या कचेरीत काहींना ते फोटो बघवेनात. जॉन्सनचंही मन कचरत होतं. तरी त्याने छापले. मोठ्या गोऱ्या वृत्तपत्रांनी ते धाडस केलं नाही. ‘जेट’चा तो अंक हातोहात संपला आणि पुन्हा छापावा लागला.