सुशीला, नोंद अकरावी: पिळायचंच नाही

पिळायचं नाही. सुशीला म्हणजे ओल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेली आपल्याकडची न्याहारी, आणि ती मोकळी कशी राहते, गोळा का होते, हे शोधतोय: सात महिने, एकवीस हॉटेलं, आणि घरचे वाया गेलेले घाणे तर मी मोजायचेच सोडून दिले होते. उत्तर निघालं ते एवढंच. चुरमुरे पाण्यात बुडवायचे नाहीत आणि मुठीत धरून पिळायचे तर अजिबात नाहीत. वरून पाणी ओतायचं आणि निथळू द्यायचं.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळच्या त्या पत्र्याच्या हॉटेलाबद्दल नवव्या नोंदीत लिहिलं होतं. तेच, जे सकाळी साडेदहाला उलथनं धुऊन मोकळं होतं. तिथली सुशीला दोन बोटांत धरली की दाणा दाण्यापासून सुटतो. दाताखाली मऊ लागते, पण टाळूला चिकटत नाही आणि ताटलीत खाली पाणी सुटत नाही. मुख्य म्हणजे नऊ वाजता गेलो तरी तशीच मिळते. बाकी बहुतेक ठिकाणचं दुखणं आपल्याला पाठ आहे: पहिली परात फुलासारखी, दुसऱ्या परातीचा गोळा. हे सगळं वरून टाकतात त्या डाळव्याच्या (भाजलेल्या हरभऱ्याच्या) पिठावर अवलंबून असणार, असं मी तेव्हा ठामपणे लिहिलं होतं. ते अर्धंच बरोबर निघालं.

गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी तिथं पोचलो. शटर अर्धं वर होतं, आत शेगडी पेटलेली. मालक साठीचे आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. इतक्या दिवसांत तोंडओळख झालेली, म्हणून धीर करून विचारलं, "मामा, मागं येऊन बघू का जरा?"

"या की. त्यात काय बघायचंय?"

मागच्या बाजूला एका जर्मनच्या पातेल्यावर दोन पट्ट्या आडव्या टाकून त्यावर बांबूची मोठी दुरडी ठेवली होती. दुरडीत चुरमुऱ्यांचा ढीग. मामा डाव्या हातानं ढीग खालवर करत होते आणि उजव्या हातानं तांब्यातलं पाणी गोल फिरवत सोडत होते. पाणी पडलं की चुरमुऱ्यांतून बारीक चुरचुर आवाज येतो. दुसऱ्या तांब्याला तो कमी झाला, तिसरा अर्धा ओतल्यावर थांबला. मामांनी तांब्या तिथंच खाली ठेवला. ते माप बघत नव्हते, आवाज ऐकत होते. मग ढीग एका बाजूला सारून दुरडी थोडी कलती केली, वर धुतलेलं पांढरं फडकं टाकलं आणि कांदा चिरायला बसले. कांदा होईस्तोवर दुरडीखाली पाण्याचे थेंब पडत राहिले. साधारण दहा मिनिटं.

"मामा, पिळत नाहीत तुम्ही?"

"पिळायला ते काय धुणं हाय व्हय? पिळलं की मेलं."

"पहिल्यापासून असंच?"

"न्हाई वो. आदी घमेल्यात बुडवायचो, पिळायचो, समदे करतेत तसंच. सोळा साली पाणी कुठं हुतं? रेल्वेचं पाणी आलं बघा. तवा सुशीलेला घमेलंभर पाणी घालवू वाटंना. मग तांब्यानं शिपडून करायलो. गिऱ्हाईक म्हनलं, मामा, आज लै भारी झालीय. मग तसंच चालू ठिवलं."

लातूरकरांना २०१६ चा तो उन्हाळा सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत तेव्हा आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासला वापरत होतो. त्याच दिवसांत, आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर, पाणी वाचवताना एका माणसाच्या हातात सुशीलेची किल्ली आली, आणि मी ती आत्ता शोधत फिरतोय. गुरुवारी परत येताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आता हे का होत असावं. पोहा चपटा आणि घट्ट असतो, पाणी हळूहळू पितो, म्हणून त्याला धुऊन झाकून ठेवता येतं. चुरमुरा आतून पोकळ आहे. तांदूळ उकडून, मिठाचं पाणी लावून, तापलेल्या वाळूत फुटतो तेव्हा दाण्याच्या आत बारीक बारीक पोकळ्या होतात. पाणी लागताच त्या भरतात, त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. आपण घमेल्यात बुडवतो तेव्हा तो गरजेपेक्षा दुप्पट पाणी पितो आणि मग ते काढायला आपण मूठ आवळतो. मुठीत त्या ओल्या पोकळ्या मोडतात, आतला चिकट स्टार्च बाहेर येतो आणि दाणे एकमेकांना धरतात. परातीत उष्णता मिळाली की तेच गोळ्याचं मूळ होतं. ओतलेलं पाणी मात्र दाण्याला जेवढं हवं तेवढंच आत जातं, बाकीचं दुरडीतून खाली. दाणा अख्खा राहतो आणि फोडणीचं तेल त्याला वरून लागतं.

शुक्रवारी लगेच घरी करून बघितलं, आणि पुरता फसलो. पद्धत तीच, तांब्या तोच, तरी परातीत लापशी. पाऊण तास स्वयंपाकघरात नुसता बसून राहिलो. मग कळलं की चुरमुरे चुकीचे होते. सुपरमार्केटातलं ते चकचकीत पाकीट, भेळेचे पांढरेशुभ्र हलके चुरमुरे. भेळेला उत्तम असतील, सुशीलेला मुळीच नाहीत. पहिल्या तांब्यालाच आवाज थांबला. दाण्यात अंगच नव्हतं. यापुढे सुशीलेसाठी पाकीट आणायचं नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. जाडे, किंचित पिवळसर, खारट, सुटे मिळणारे चुरमुरे आणायचे, ते पण भट्टीवरून किंवा रोज पोतं संपवणाऱ्या दुकानातून. दुकानात उभ्या उभ्या एक दाणा खाऊन बघायचा. कुरकुरला तर घ्यायचा, वातड लागला तर पुढं चालायला लागायचं. पावसाळ्यात सादळलेले चुरमुरे घरी आणून कढईत कोरडेच गरम करून घेतले तरी चालतात, हे दुसऱ्या एका हॉटेलातल्या पोरानं सांगितलेलं, आणि ते खरं आहे.

शनिवारी भट्टीचे आणले. यावेळी तराजूही काढला. पाव किलो चुरमुरे जुन्या रीतीनं बुडवून पिळले तर ६१० ग्रॅम भरले, ओतून निथळले तर ५४० ग्रॅम. फरक सत्तर ग्रॅमचा, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाएवढा. पण त्या अर्ध्या कपानंच सगळा घोळ होतो. तरी मला वजनापेक्षा दाण्याचा आकार जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन्ही घाणे ताटात शेजारी पसरले तेव्हा पिळलेला दाणा सुरकुतलेला, टोकं चेपलेली. निथळलेला लांबट, टपोरा. आईला बोलावून दाखवलं. ती आयुष्यभर पिळत आली आहे, "पिळल्याशिवाय सुशीला होतच नाही" हे तिचंच वाक्य. तिनं दोन घास खाल्ले, काही बोलली नाही. पण तिसऱ्यांदा घेतली ती दुरडीतलीच.

आता डाळव्याचं पीठ. इथं माझं आधीचं लिखाण दुरुस्त करून घ्या. पीठ फोडणीत घालायचं नाही, ओल्या चुरमुऱ्यांवर भुरभुरायचंही नाही. मामा ते गॅस बंद केल्यावर, सुशीला परातीत उपसून झाल्यावर वरून टाकतात आणि उलथन्याच्या कडेनं हलकेच खालवर करतात. पीठ उरलेली वाफ पिऊन घेतं. आधी घातलं तर ते पाण्यात कालवून लेपासारखं बसतं. माझे जानेवारीतले चार घाणे यानंच गेले.

मिठाबद्दल एक. ओतण्याच्या रीतीत चुरमुऱ्यातलं मीठ बरंचसं आतच राहतं. बुडवून पिळलं की ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून मीठ निम्म्यानं कमी करा. मी नेहमीएवढं घातलं आणि पहिला घाणा खारट केला.

भांड्याचं सांगायचं तर लोखंडी कढई, आणि तीही रुंद. नॉनस्टिकमध्ये कांदा परतत नाही, नुसता शिजतो. दुरडी बांबूचीच घ्या. स्टीलच्या चाळणीत बुडाला पाणी धरून राहतं, दोन्ही करून बघितलं. दुरडी मला बुरुडाकडं मिळाली, दीडशे रुपयांत. नवीन दुरडीला दोन दिवस बांबूचा वास येतो, म्हणून आधी गरम पाण्यानं धुऊन उन्हात टाकायची.

या आठवड्यात बाहेर खाल्लेलं थोडक्यात. अंबाजोगाईत योगेश्वरीच्या देवळाकडं जाताना एका गाड्यावर सुशीला घेतली. दाणे बरे, शेंगदाणे मात्र कच्चे. तळलेली मिरची इतकी सुंदर की दोन जास्तीच्या मागून घेतल्या. मीठ-जिऱ्याची, मधून चिरलेली, देठासकट. बायपासवरच्या एका मोठ्या हॉटेलात सुशीला मागितली तर चुरमुऱ्यांवर पोह्याचा मसाला आणि वर शेव, चाळीस रुपये. शेव घातली की ओलेपणा लपतो, म्हणून घालतात. त्या ठिकाणी परत जाणार नाही. तुळजापूरहून येताना उजनीला बासुंदीसाठी थांबलो, त्याशिवाय तो रस्ता पुराच होत नाही. बासुंदीची वेगळी नोंद करायला हवी, इथं नको.

उदगीरच्या हॉटेलात गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावर एका कानडी बोलणाऱ्या गृहस्थांनी "सुसला" मागितला, ते लिहायचं राहून गेलं होतं. बिदरकडं तोच शब्द चालतो. त्यांच्या बशीत डोकावलं तर आपलीच, फक्त लिंबाऐवजी चिंच. तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नव्हतं, पण आज हे लिहिताना एकदम डोक्यात आलं: दुसऱ्या परातीचं उरलेलं कोडं चिंचेनं सुटेल का?

बघा. आपण लिंबू शेवटी पिळतो, म्हणजे कष्टानं निथळलेल्या चुरमुऱ्यांवर पुन्हा पाणी. मामा लिंबाची फोड ताटलीत वेगळी देतात, परातीत लिंबू घालतच नाहीत. मला वाटायचं, गिऱ्हाईकाच्या आवडीसाठी. आता वाटतं, हेच त्यांच्या नऊ वाजताच्या परातीचं दुसरं कारण असावं. आणि चिंचेचा घट्ट कोळ फोडणीतच तेलात परतला तर आंबटपणा तेलाबरोबर दाण्याला लागेल आणि पाणी आधीच आटलेलं असेल. घरासाठी, जिथं ताटलीत फोडी ठेवायला कुणाला वेळ नसतो, हे जास्त बरं पडेल.

म्हणून बेत बदलतोय. रविवारी नांदेडला जायचं ठरलं होतं, ते पुढं ढकलतो. तिथली दोन हॉटेलं यादीत आहेत, ती कुठं जात नाहीत. त्याऐवजी निलंग्याकडं. पानचिंचोलीची चिंच आपल्याच जिल्ह्यातली, २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि मी आजवर बाजारात मिळेल ती चिंच आणत होतो याचं वाईट वाटतं. गावातूनच किलोभर आणतो. त्याच वर्षी मानांकन मिळालेली कास्तीची कोथिंबीर औसा तालुक्यातली, तीही जाता जाता मिळाली तर दोन जुड्या. हळद वसमतचीच वापरतोय, ती संपलेली नाही. दुपारी निलंग्यात राईसच्या गाडीवर जेवण, म्हणजे दिवस सत्कारणी.

पुढचा घाणा असा: पाव किलो भट्टीचे चुरमुरे, आवाज थांबेपर्यंत पाणी, दहा मिनिटं निथळ, फोडणीत लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ तेल सुटेपर्यंत, डाळव्याचं पीठ शेवटी. अर्धी लगेच खायची, अर्धी फडक्याखाली अडीच तास ठेवायची. साडेनऊला बोटांत धरून बघायची.

मामांना सांगितलं चिंचेचं. ते म्हणाले, "करून बघा की. झाली तर मला बी आणा डब्यात." डबा भरून नेईन, पण ती साडेनऊला सुटली तरच.