रिपोर्ट सुनेचा, आजार सासूबाईंचा

ठाण्यातल्या आमच्या स्मृतिभ्रंशाच्या ओपीडीत नातेवाईक पेशंटची फाइल घेऊन येतात. त्या शनिवारी वर्तकनगरच्या एका कुटुंबाने सुनेची आणली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अल्झायमर्स सासूबाईंना, वय ७८. बरोबर सून आणि खारघरचा धाकटा दीर.

"मॅडम, वहिनींच्या जीन्समध्येच डिप्रेशन आहे," म्हणत दिराने रंगीत कागद पुढे सरकवला. लाळ कुरिअरने पाठवून मागवलेला रिपोर्ट. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित 'सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर' जनुकाच्या दोन्ही प्रती आखूड, पुढे लाल बाण.

हे आखूड जनुक आम्हाला शिकताना फार आवडायचं. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डुनेडिनमधल्या तरुणांवरचा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला: ताणाचे प्रसंग ओढवले तर आखूड प्रतवाल्यांना नैराश्य जास्त. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटना सांभाळणाऱ्यांमध्येही मग ते शोधलं गेलं. मोठ्या नमुन्यांवर मात्र ते टिकलं नाही. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर अशी १८ गाजलेली जनुकं तपासली, तेव्हा कुठलीही इतर जनुकं उचलली असती तरी फार फरक पडला नसता, असंच दिसलं. कंपन्यांच्या रिपोर्टांत तो लाल बाण अजून आहेच.

आनुवंशिकता खोटी नाही. पण ती असंख्य जनुकांत चिमटीचिमटीने विखुरलेली असते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला नैराश्य झालेलं असेल तर धोका दुपटी-तिपटीने वाढतो, आणि हे कळायला लाळ लागत नाही. मी विचारलं. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आई वर्षभर गोळ्या घेत होती, सून म्हणाली. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

दिराला बाहेर बसवून रात्रींबद्दल विचारलं.

"अडीचला उठतात. गिरगावला घरी जायचं म्हणतात. कडी वाजली की मला जाग येते." मग थोड्या वेळाने, "आता नाही वाजली तरी येते."

नवरा फिरतीवर. तिच्या मनगटावर तव्याचा डाग, तीन आठवडे होऊनही ओला. आधी शुगर तपासायला सांगितली, कारण पहिली शंका तीच. पण १९९५ चा 'लॅन्सेट'मधला प्रयोगही आठवला: डिमेन्शियाच्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या बायकांची छोटीशी जखम भरायला इतरांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले होते.

नैराश्याच्या नऊ प्रश्नांत २७ पैकी १७ गुण; जितके जास्त, तितकं नैराश्य जास्त. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं कधीकधी." जिवाचं काही करायचं मनात येतं का, हे मी सरळ विचारलं. तसं नव्हतं. तरी आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी नेलं आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला.

दीर आत आला तेव्हा म्हटलं, "जीन्सचा विषय तुम्हीच काढलात. वहिनींचं तुमच्या आईशी रक्ताचं नातं नाही. अल्झायमर्सचा आनुवंशिक प्रश्न पडायचाच तर तुम्हा भावांना पडायला हवा." सहकाऱ्यांना हे जरा लागट वाटलं. मला आवश्यक वाटलं, कारण तो रिपोर्ट आला होताच मुळी 'माहेरचंच आहे ते' म्हणून हात झटकायला.

तो ओशाळला, आणि शनिवार-रविवार आईला खारघरला नेतो म्हणाला. मी नको म्हटलं. अनोळखी घरात त्या आणखी गोंधळतील. त्यानेच वर्तकनगरला येऊन झोपावं. इतर रात्रींसाठी ब्यूरोतून आया. सासूबाईंची अल्झायमर्सवरची डोनेपेझिलची गोळी रात्री दिली जात होती; काहींची तिने झोप उडते, म्हणून डॉक्टरांनी ती सकाळी केली.

दीड महिन्याने १७ चे ११ झाले होते. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या औषधाने की झोपेने, सांगता येणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झालं. शुगर नॉर्मल आली. दीर दर शनिवारी येतो. शुक्रवारच्या रात्रीसाठी आया मात्र अजून मिळालेली नाही.