तुम्ही विचारलंत म्हणून: चांगला नेता ओळखायचा कसा?

नेतृत्व, कामाच्या ठिकाणचं वातावरण आणि तिथे कोणाला सामावून घेतलं जातं, हे माझ्या संशोधनाचे विषय. ते कळल्यावर लोक हमखास विचारतात, ‘मग चांगला नेता ओळखायचा कसा?’ मी म्हणते, त्याच्याकडे बघून फारसं कळणार नाही. त्याच्या टीममधला सर्वांत कनिष्ठ माणूस त्याच्यासमोर काय बोलू धजतो, ते बघा.

या उत्तरामागे माझा फार आवडता एक अभ्यास आहे. संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या. जिथे एकोपा चांगला, तिथे औषधं देताना चुका कमी होत असणार, अशी त्यांची अपेक्षा. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीम्समध्येच चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. इतर ठिकाणी बोलणी बसण्याच्या भीतीने अळीमिळी गुपचिळी. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीम्सच्या आधारे ‘मानसिक सुरक्षितते’ची कल्पना मांडली. जिथे बोलायची भीती नाही, तिथे टीम शिकते.

पण भीती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, आणि माझं काम खरं तर इथून सुरू होतं. इन्ग्रिड नेम्भार्ड आणि एडमंडसन यांनी २००६ मध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांबद्दल लिहिलं. डॉक्टर मोकळेपणाने बोलत, नर्स त्याहून कमी, श्वसनोपचार करणारे तंत्रज्ञ आणखी कमी. मात्र प्रमुख डॉक्टर जिथे इतरांना आवर्जून मत विचारत आणि त्याची कदर करत, तिथे ही दरी कमी होती. बाळाच्या श्वासाकडे ज्याचं लक्ष, त्यानेच गप्प बसायचं, हे मला अजूनही अस्वस्थ करतं.

म्हणूनच समावेशन म्हणजे फक्त वेगवेगळ्या गटांतल्या माणसांची भरती, हे मला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं, की एखाद्या गटाची माणसं मोजकीच असली की त्यांच्यावर सगळ्यांची नजर राहते आणि प्रत्येकाकडे आपल्या अख्ख्या गटाचा प्रतिनिधी म्हणून पाहिलं जातं. अशा खुर्चीत बसून शंका विचारायला किती बळ लागत असेल!

कार्यशाळा घ्या, असं निमंत्रण आलं की मी आधी त्यांच्या एखाद्या साध्या मीटिंगला बसू द्या म्हणते. मध्येच कोणाला तोडलं जातं, कोणाची सूचना दुसऱ्याच्या नावावर जाते, हे तिथे डोळ्यांना दिसतं. आणि कोणी वाईट बातमी आणली, की साहेब आधी काय विचारतात? ‘काय झालं?’ की ‘कोणी केलं?’ तुमच्या ऑफिसात हे तुम्हालाही बघता येईल, त्यासाठी माझी गरज नाही.