बॅकअप म्हणजे जतन नव्हे

ओळखीच्या एका संपादकांना त्यांच्या शोधपत्रिकेच्या जुन्या अंकांविषयी विचारले, तेव्हा ते निर्धास्तपणे म्हणाले, ‘बॅकअप आहे.’ पाहिले तर तो बॅकअप त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होता.

छापील अंकांच्या काळी जतनाची निराळी व्यवस्था लागत नसे, कारण वर्गणीदार ग्रंथालयांच्या कपाटांत बांधीव खंड जाऊन बसत आणि प्रकाशन बंद पडले तरी ते तिथेच राहत. ऑनलाइन वर्गणीत बहुधा अंक हाती येत नाही. प्रकाशकाच्या सर्व्हरवर जाऊन वाचण्याची मुभा तेवढी मिळते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘लॉक्स’ प्रकल्पाने ती जुनी विखुरलेली कपाटेच संगणकावर उभी केली. अनेक ग्रंथालये प्रकाशकाच्या परवानगीने आपापली प्रत साठवतात आणि त्यांचे संगणक ठरावीक काळाने एकमेकांशी प्रती ताडून अक्षरशः मतदान घेतात. ज्याची प्रत बहुमताशी जुळत नाही, त्याची प्रत दुरुस्त केली जाते. डिस्कवरची फाइल कोणी उघडेपर्यंत बिघडल्याचे कळतही नाही, म्हणून मला या योजनेत साठवणुकीपेक्षा ही तपासणी मोलाची वाटते.

याच तंत्रावरचे ‘क्लॉक्स’ जगभरातील १२ ठिकाणी प्रती ठेवते, पण एरवी त्या कोणालाही दाखवत नाही. एखादी पत्रिका कुठेच उपलब्ध उरली नाही, तरच तिचे अंक सर्वांसाठी विनामूल्य खुले होतात. अवयवरोपणावरील ‘ग्राफ्ट’ ही पत्रिका अशीच खुली झाली.

मोठे प्रकाशक अशा व्यवस्थांत असतात. खरा धोका छोट्या, विनामूल्य पत्रिकांना आहे. २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून नाहीशा झालेल्या १७४ मुक्त पत्रिका संशोधकांनी मोजल्या आहेत. लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, आहे म्हणून निश्चिंत राहणेही चूक, कारण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ७४ लाख डीओआयपैकी २८ टक्के लेख कोणत्याही प्रमुख संग्रहात सापडले नाहीत.

आमच्या संपादकांची पत्रिका ओजेएस या पत्रिका चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि तिला आयएसएसएन हा नियतकालिकांचा क्रमांक आहे, त्यामुळे ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ‘पीकेपी’चे जतन-जाळे तिला फुकट मिळते. त्या जाळ्याशी जोडणारे प्लगइन परवा सुरू केले. पहिल्या दोन वर्षांच्या काही पीडीएफ मात्र सर्व्हरवरच नाहीत. त्या आता लेखकांकडे मागत आहोत.