जोडी नसलेला कास्तकार

पोळा, रात्री

उन्हाळ्यात बैलजोडी विकली. कुटार-चारा परवडेना, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारानं साल सोडलं, वखरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. त्याचं फार लिहीत नाही. पण काल खांदशेकणीला हळद-लोणी लावायला खांदाच नव्हता. 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' हे म्हणायचं कोणाला? सातबारा माझ्या नावावर आहे, कपाशीची पऱ्हाटी वावरात उभी आहे, तरी मी कास्तकार उरलो की नाही, हा प्रश्न दिवसभर छळत राहिला.

पोरगी बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. तिनं हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचून दाखवले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये शाळकरी पोरांना कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडली त्यावरून दोन गटांत टाकल्याचं त्या पोरांना सांगितलं. खरी वाटणी मात्र आवड न बघता, नशिबावर केलेली. आपल्या गटात कोण आहे हेही पोरांना ठाऊक नव्हतं, पैसे इतर पोरांना वाटायचे होते, स्वतःला देता येत नव्हते. तरी त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्यांच्या वर राहता येत असेल तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालेलंही चाललं! ताजफेल स्वतः पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत तो फ्रेंच म्हणून राहिला, म्हणून वाचला. घरचे बहुतेक सगळे मारले गेले. गटाचं नाव माणसाचं काय करतं, हे त्यानं भोगलं होतं.

आज आखरावर, पोळा भरतो त्या मैदानात, रिकाम्या हातानं गेलो. तोरणाखाली जोड्या लागल्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, सुरू झाल्या. समोरच्या वेटाळानं, म्हणजे वस्तीनं, झडती टाकली आणि माझ्याही नकळत मी उत्तर दिलं, 'हर बोला हर हर महादेव'. आमची झडती कमी पडली म्हणून कोणी हसलं, तर राग आला. जोडी असताना यायचा तेवढाच. मग जोडी गेल्यानं माझ्यातलं नेमकं गेलं काय?

आणि एक गोष्ट आजच मनात आली. एवढी वर्षं 'आमची जोडी' म्हणून मी मिरवलो. चारा-पाणी, शेण, रात्रीची राखण सालदाराची. त्यानंच बैल सजवावेत, तोरणाखाली धरावेत, नाव मात्र माझ्या घराचं पुकारलं जावं. त्या 'आम्ही'त तो कधी नव्हता, आणि मला ते खटकलंही नव्हतं. आज तोही आखरावर होता, मागच्या रांगेत, माझ्यासारखाच दोराविना. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. तो आदबीनं थोडा मागे सरकला.

त्याचा बोजारा, पोळ्याची बक्षिसी, द्यायचा आहे. सकाळी मीच त्याच्या घरी जाईन.