रेझ्युमेतील प्रत्येक ओळीचा जाब

चार वर्षे बॅकएंडचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचे, काम केल्यावर मी नवी नोकरी शोधू लागलो, तेव्हा माझा रेझ्युमे तीन पानांचा होता आणि त्यात २२ तंत्रज्ञानांची नावे होती. त्यांपैकी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस ही माझी रोजची साधने. अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालते ठेवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीशी मात्र माझा संबंध दुसऱ्याने लिहिलेल्या फाइलमधील एक आकडा बदलण्यापुरताच आला होता. पाठवलेल्या अर्जांपैकी एकालाच उत्तर आले आणि त्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न निघाला, तो पॉड (कुबरनेटिसमध्ये प्रोग्रॅम ज्यात चालतो तो घटक) वारंवार बंद पडत असेल तर शोध कुठून सुरू कराल, असा. मी जे काही बोललो ते आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

त्यानंतर रेझ्युमे नव्याने लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीशी अडलो. ‘रिपोर्ट मॉड्यूलची जबाबदारी सांभाळली’ हे वाक्य आमच्या टीममधील कोणालाही लिहिता आले असते. मी स्वतः नेमके काय केले, हे मलाच आठवेना. म्हणून माझे जुने कमिट, म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी, आणि त्यांवरील रिव्ह्यूमधील सहकाऱ्यांच्या चर्चा सलग तीन संध्याकाळी वाचून काढल्या. त्यात एक विसरलेले काम सापडले: अहवालाच्या पानावर प्रत्येक ऑर्डरमागे डेटाबेसला स्वतंत्र क्वेरी, म्हणजे माहितीची विचारणा, जात होती, त्या सर्व क्वेरी मी तक्ते जोडून सारी माहिती एकदम आणणाऱ्या एका जॉइनमध्ये आणल्या होत्या आणि ग्राहक व तारीख या दोन स्तंभांवर मिळून एक इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर सापडाव्यात यासाठीची सूची, घातला होता. पान उघडायला ८ सेकंद लागत, ते एका सेकंदाच्या आत उघडू लागले. रेझ्युमेत ही दोन वाक्ये जवळपास अशीच गेली. इतर कामांचे मोजमाप कोणी ठेवले नव्हते. तिथे ‘४० टक्के सुधारणा’ असे काहीतरी ठोकून देण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. पण कुबरनेटिसचा प्रसंग ताजा असल्यामुळे काय बदलले एवढेच लिहिले.

मांडणीचा घोळ निराळाच होता. दोन रकान्यांच्या देखण्या पीडीएफमधील मजकूर कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकला, तर कौशल्यांची यादी अनुभवाच्या वाक्यांत घुसलेली दिसली. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही असाच काला मिळत असणार. मग एकच रकाना ठेवला, कौशल्यांपुढचे प्राविण्य दाखवणारे तारे काढले, आणि सारे एका पानात बसले. प्रत्येक अर्जापूर्वी जाहिरातीशी जुळणारी कामे वर घेत असे. त्याला दहा-पंधरा मिनिटे लागत.

पुढच्या मुलाखतीत त्या इंडेक्सच्या ओळीवर बोट ठेवून विचारले गेले की, तारखेचा स्तंभ आधी का घेतला नाही. क्वेरीत ग्राहक नेमका ठरलेला असे आणि तारखांचा केवळ पल्ला दिलेला असे, म्हणून आधी ग्राहक घेतला की फक्त त्याच्याच नोंदींत तारखा शोधाव्या लागतात, हे कागदावर रेघा ओढून समजावताना वीस मिनिटे कशी गेली ते कळले नाही.